अथांग म्हणजे किती वाव?

…आणि वर मलाच विचारतात, ‘मास्तर, तुमी मोजलाव काय?’ आता अथांग हा शब्द काय मोजून वापरायचा असतो? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मांडवीच्या शाळेत मराठी शिकवतोय मी, अथांग म्हणजे ज्याचा थांग, म्हणजे तळ, लागत नाही असा, झालं, पुढचा शब्द! सहावीतल्या अलिझाला वक्तृत्व स्पर्धेसाठी तीन पानी भाषण लिहून दिलं, ‘अथांग सागर’, पहिल्याच ओळीत तीनदा अथांग… पोरगी आजोबांसमोर पाठ करायला बसली आणि हे गफूरचाचा, जन्मभर होडीवर तांडेल, उठले ते थेट माझ्या दारात! ‘अथांग? किती वाव?’ वाव म्हणजे दोन्ही हात फैलावले की होते ना, तेवढी लांबी. ‘मोजल्याबिगर माझी नात स्टेजवर चढायची नाय. चला!’

चला काय चला! रविवारी सकाळी मला नि अलिझाला होडीत घातलं. मी काठाला घट्ट धरून बसलेला, आणि चाचांच्या हातात त्यांच्या वडिलांची दोरी, टोकाला शिसं, एकेक वाव सोडून चिंधी बांधलेली. शिसं पाण्यात सोडायचे आणि चिंध्या बोटांनी मोजायचे, डोळे मिटून! अलिझा विचारते, ‘किती वाव?’ ‘पाच. खाली चिखल.’ पुढे गेलो, ‘किती वाव?’ ‘नऊ. वाळू.’ अहो, दिसलं कुठे यांना? तर शिशाच्या बुडाला साबण लावलेला, त्याला चिकटून समुद्राचा तळ वर येतो हो! ते चार कण तळहातावर घेतले… बावीस वर्षं नुसता शब्द शिकवत होतो मी!

मग किनारा दिसेनासा झाला. दोरी सुटत गेली… बारा… सोळा… वीस… संपली! शिसं आपलं लोंबकळतंय, तळ नाहीच! उलटी आवरून ओरडलो, ‘अथांग! चाचा, अथांग!’

चाचांनी टोक धरून खाली बघितलं. मग हळूच म्हणाले, ‘तळ हाय, मास्तर. माझी दोरी आखूड.’

एवढं पाणी, आणि एवढा मोठा माणूस…

स्पर्धेत अलिझाने माझी तीन पानं उघडलीसुद्धा नाहीत. म्हणाली, ‘अथांग म्हणजे जिथे माझ्या आजोबांची दोरी संपते, आणि तरी ते सांगतात, खाली तळ आहे.’ पहिला नंबर!

बाहेर चाचांना गाठलं. म्हटलं, ते राहू दे, पण माझंही भाषण काही वाईट नव्हतं हो… खरं सांगा, किती वाव?

चाचांनी खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेने. ‘वाव कसली, मास्तर… घोट्यापर्यंत पाणी.’