ओल्या खोलीतलं तथास्तु

मंडळी, सांगा बरं — घर राहण्याजोगं आहे, हे ठरवायचं कुणी? मालकानं? सरकारी साहेबानं? की त्यात श्वास घेणाऱ्यानं? पेटीवाले, सूर जरा खाली घ्या… ऐका!

ओढ्याकाठी दाजीबा पोतनीसांची नऊ खोल्यांची चाळ. दरवर्षी नगरपालिकेचे वाळिंबेसाहेब तपासणीला यायचे. तपासणी कशी? अंगणात खुर्ची, हातात सरबत, कागदावर शेरा — 'राहण्यास योग्य'! हसताय? तुमच्याकडे वेगळं होतं का?

यंदा मात्र सातव्या खोलीतली कौसल्या आडवी आली. "साहेब, आत या. एवढंच मागते."

वाळिंब्यांनी उंबरा ओलांडला मात्र — भर दुपारी अंगावर काटा! भिंतीवर काळी बुरशी. आणि ती ओल… माणसासारखी पसरलेली. खांदे. मान. खाली अंथरुणावर चार वर्षांची पोर, छातीत शिट्टी वाजतेय. कौसल्येनं तिच्या तोंडावर हात धरला.

"अहो बाई, श्वास तरी घेऊ द्या तिला!"

"बोलू देत नाही, साहेब. खोकून खोकून मरणाची भाषा करायला लागते. इथं बोललेलं खरं होतं हो!"

मागून दाजीबा आत येत खिदळले. "ऐका हिचं! काय वाईट आहे खोलीला? मी स्वतः राहीन इथं!"

भिंतीतून आवाज आला. हळू. ओला.

"तथास्तु."

वास्तुपुरुष बोललेल्याला तथास्तु म्हणतो, हे आपण सगळेच मानतो. पण ऐकलंय कुणी? दाजीबांनी ऐकलं! पळायला गेले — पाय फरशीवरून सुटेनात!

वाळिंब्यांनी कागद काढला. शेरा लिहिला, मोठ्यानं वाचला, "राहण्यास अयोग्य. दुरुस्ती होईपर्यंत भाडेकरूंची सोय मालकाच्या घरात."

सगळे भिंतीकडे बघत राहिले. भिंत गप्प! का हो? अहो, लिहिलेलं खरं करायला साहेबांना दोन हात होते की!

वाळिंब्यांना ते उमगलं. त्यांनी पोरीला अंथरुणासकट उचललं, दाजीबांच्या माडीवर नेऊन खिडकीपाशी निजवलं.

"आई, मी—" पोर म्हणाली. कौसल्येचा हात सवयीनं पुढं गेला.

"बोल गं बाळ," साहेब म्हणाले.

"मी भाकरी खाते."

आणि दाजीबा? राहिले ना सातव्या खोलीत! छातीत शिट्टी वाजायला लागली, तसे तिथूनच ओरडून गवंडी बोलावले; भिंतीत मुरणारं गटार वळलं, भिंत पडली, नवी उभी राहिली. नवव्या दिवशी पाय सुटले.

आता तुमच्याकडे वळते. इथं निम्मे मालक बसलेत, दोन-चार साहेबही. टोप्या सावरू नका, ओळखते मी! उद्या तुम्ही भाड्यानं दिलेल्या, तुम्ही तपासलेल्या खोलीत जा. दार लावून तासभर बसा. छाती भरून श्वास आला, तर खुशाल शेरा मारा. नाही आला — तर हरिनाम नंतर, आधी गवंडी बोलवा!