गेल्या वर्षीचं माप

ड्यूकसाहेबांच्या राजवाड्यात हातमोजे विकायला आलेली उर्सुला मागच्या दालनात बाकावर ताटकळत बसली होती. शेजारी राजवाड्यासाठी बंदुका घडवणारा बाल्थाझार बसला होता. शिकारखात्याचे कारभारी आले आणि त्यांनी ड्यूकसाहेबांच्या मुलाची छोटी बंदूक बाल्थाझारच्या मांडीवर ठेवली.

"परत आलीये. धाकट्या सरकारांना खांद्याला टेकवायचा दस्ता आखूड होतोय."

"होणारच, साहेब."

"होणारच म्हणजे? सहा वर्षं दर वाढदिवसाला तुझी बंदूक येते. खांद्याला कशी चपखल बसायची. यंदाच काय झालं?"

"यंदा गेल्या वर्षीच्याच मापानं केली."

"अरे, पोर वर्षभरात वाढणार नाही का? माप घ्यायचं होतंस."

"आमचा हात त्यांच्या अंगाला लागायचा नाही, हा वाड्याचाच नियम ना? मी घरीच माप घ्यायचो. आमचा पोरगा योस्ट त्यांच्याच वयाचा, महिनाही तोच. चणही तीच."

"मग अडलंय कुठं? त्याला उभं कर, कोपरापासून बोटापर्यंत माप घे, नवा दस्ता बसव."

"हिवाळ्यात आमच्या गल्लीत देवीची साथ आली होती, साहेब."

"किती घरांत?"

"तीन घरांत. आमचं मधलं."

"मला कुणी बोललं नाही रे."

"तुम्हाला कोण सांगणार?"

"मग असं कर, त्याच वयाचं दुसरं कुणाचं पोर बघ."

"बघितलं. शेजारणीनं तिचा मुलगा आणून उभा केला, मापही घेतलं. पण लाकूड तासायला बसलो की हात जुन्याच खुणेवर थांबतो."