शेवंतीचा एकच फोटो

बालाघाटच्या दवाखान्यात एक्सरेच्या खोलीबाहेर आनंदी आपलं सुजलेलं मनगट सांभाळत बसली होती. शेजारी कटंगीकडचा एक म्हातारा खोकणाऱ्या नातीला काहीतरी शिकवत होता.

“तळ्यात बुडी मारतं नं शेवंते, तसाच दम धर. अन् हालू नको.”

“मागच्या खेपेले मी हाललीच नोती, आजा. तूच दारातून वरडला, ‘हालू नको वो माय!’ म्हून मी तुह्याकडे पाह्यलं.”

“हौ, माहीच चुकी. फोटो बिघडला अन् तुले परत निजवा लागलं.”

“मंग काय झालं? दुखत तं नाही.”

“दुखत नाही. पन डाक्टर म्हने, त्या मशीनचे किरनं लेकराच्या आंगात जेवढे कमी जातीन तेवढं बरं. एकाच फोटोत भागलं पाह्यजे.”

“आज वरडशीन?”

“तोंडच उघडत नाही, पाय तू.”

“शेवंती! अंदर आओ बेटी. दादाजी, आप यहीं बैठो,” एक्सरेवाल्यानं दारातून हाक मारली.

दार लागलं. म्हातारा बाकाच्या कडेवर सरकला. दोन्ही हातांनी त्यानं काठी घट्ट धरली.

“साँस रोको!” आतून आवाज आला.

म्हाताऱ्याचे गाल फुगले. आनंदीही मनगटाचं दुखणं विसरून त्या दाराकडे पाहत राहिली.

थोड्या वेळानं दार उघडलं आणि पोर धावतच बाहेर आली.

“आजा, झाला! एकातच झाला!”

म्हाताऱ्यानं तोंड मिटूनच मान डोलावली. पोरीनं त्याच्या फुगलेल्या गालांवर हळूच दोन्ही हात ठेवले.

“सोड नं आता दम, आजा. माहा कवाच सुटला.”