पांढरी गाडी डॉबिन्सची नव्हती

नाव ओझेला थॅकर, वय ७६, धंदा पूर्वी मोज्यांच्या गिरणीत, हल्ली शर्यतीत स्पॉटर, राहणार जुन्या गिरणीमागे, ब्रायर फोर्क, नॉर्थ कॅरोलायना.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर नात कोरा, वय २६, हिच्यासोबत राहते. गाड्यांच्या शर्यती हाच कोराचा धंदा आहे. गाडीत बसून तिला मागचं नीट दिसत नाही, म्हणून मी प्रेक्षकांच्या स्टँडच्या छतावरून रेडिओवर सांगते. पूर्वी हे काम मी व माझे यजमान मिळून करत होतो. वाचणं त्यांचं, बघणं माझं. ते दोन वर्षांपूर्वी वारले.

शनिवारी दुपारी एक वाजता छतावर आम्हा सर्व स्पॉटरना एकेक कागद देण्यात आला. मी तो पाहिला, मान हलवली व घडी करून खिशात ठेवला. मला लिहितावाचता येत नाही. एरवी बँकेत वगैरे मी चष्मा घरी राहिला असं सांगते, लोक वाचून दाखवतात. छतावर ते चालत नाही. चष्मा विसरलेल्या स्पॉटरला खाली धाडतात. गाड्या मी रंगावरून ओळखते; पांढरी म्हणजे डॉबिन्सची.

जबाब लिहून घेणारे शेरीफचे डेप्युटी म्हणाले, "आजी, तुम्ही तर आमच्या आईला बायबल शिकवलंत!"

"पाठ होतं."

"हेही लिहू?"

"लिही बाबा. तुला येतंय ना."

लोनी हॉबगुड याची गाडी केशरी असते. मागच्या महिन्यात शर्यतीत त्याने कोराला ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवर घातलं होतं. "तुलाही भिंत दाखवीन," असं कोरा त्याला चारचौघांत म्हणाली होती. मी ते ऐकलं आहे. शनिवारी केशरी गाडी दिसली नाही तेव्हा ती बिघडली असेल असं वाटून मला बरं वाटलं.

एकशे ऐंशीव्या फेरीत आमचं बोलणं झालं ते असं. ते कुठे रेकॉर्ड झालेलं नाही.

"आजी, बाहेरून कोण आहे?"

"पांढरी. डॉबिन्स. दोन फेऱ्या मागे आहे बिचारा, जागा देईल. जा वर."

"नक्की?"

"डोळे माझे की तुझे?"

ती वर, भिंतीच्या बाजूला गेली. पांढरी गाडी हटली नाही. भिंतीवर आदळून दोनदा उलटली. आतून हॉबगुडला काढलं. बापाच्या आठवणीखातर त्याने त्या दिवसापुरती आपली गाडी बापाच्या गाडीसारखी पांढरी रंगवली होती. कागदावर तेच होतं. काल आमच्या चर्चच्या पास्टरनी वाचून दाखवलं. त्यांनाही मी चष्म्याचंच सांगितलं. हॉबगुड अजून शुद्धीवर नाही.

गाडी हॉबगुडची आहे हे ओळखून आपण मुद्दामच वर गेलो, असं कोराने तुम्हाला सांगितल्याचं कळलं. ते खोटं आहे. ती सात वर्षांची असताना मी तिला पुस्तक वाचून दाखवत होते. तिने ते माझ्या हातातून घेतलं, सरळ करून परत दिलं आणि म्हणाली, "हं, पुढे." त्यानंतर त्यावर आम्ही कधी बोललो नाही. तिने हॉबगुडला भिंत दाखवलेली नाही. मी दाखवली.

शनिवारचा कागद सोबत देत आहे. वरील मजकूर डेप्युटींनी मला दोनदा वाचून दाखवला, मी म्हटलं म्हणून. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. चष्मा पर्समध्ये आहे. खालची फुली माझी.