आपोआप उतरलेला ताप

मंडळी,

हरेश्वरच्या शोकसभेला माकुणसारचा सगळा गाव इथं शाळेत जमलाय. बोईसरच्या बाजारातली माणसं आलीत. तारापूरला वीजकेंद्राच्या कामावर असलेली मंडळी पाळी सोडून आलीत. हरेश्वरनं एवढी माणसं जोडली होती हे मला आज कळतंय. त्यालाही माहीत नसावं. असतं तर पहिलं हेच विचारलं असतं त्यानं, की एवढी आली कशी?

मी गजानन, पालघरचा. मुंबईच्या विमानतळावर विमानातले रेडिओ दुरुस्त करायचं माझं काम. हरेश्वरही तिथंच होता, माझ्या शेजारच्या टेबलावर. सकाळी मी पालघरला गाडीत बसायचो, सफाळ्याला तो चढायचा, आणि चढल्या चढल्या कालच्या बिघाडाबद्दल बोलायला लागायचा. बसायच्या आधी. डबा हातात तसाच. बिघडलेला सेट पुढ्यात ठेवा, मी त्याला बोलता करीन. पण चार माणसांत उभं राहून स्वतः बोलायची मला सवय नाही. काही कमीजास्त झालं तर पदरात घ्या.

आणि खरं सांगू? माझं डोकं ठिकाणावर नाही. इथं येईपर्यंत मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. तो किती गुणी होता, किती मनमिळाऊ होता, असं. ते सगळं राहिलं बाजूला. कारण माझ्या आधी काशिनाथदादा बोलले. हरेश्वरचे थोरले बंधू. बापामागं त्यांनीच त्याला वाढवलं, शिकवलं, त्यांच्या दुःखाला कोण काय म्हणणार? पण बोलता बोलता दादा म्हणाले, "हरी सांगत व्हता, ताप उतरला कसा ते कळत नाय. तरी त्याला घरी आणला." आणि दादांनी दाराकडं बघितलं. तिथं बायकांमध्ये मंजुळावहिनी बसल्यात. दादांनी बघितलं म्हणून सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. वहिनींनी पदर तोंडावर ओढून घेतला.

परगावाहून आलेल्यांना माहीत नसेल, म्हणून सांगतो. हरेश्वर तापानं पडला होता. दवाखान्यात ठेवला होता. औषधं चालू होती, ताप हटत नव्हता, आणि एके सकाळी तो आपला आपण उतरला. डॉक्टरांनी नीट तपासलं, म्हणाले घरी न्यायला हरकत नाही. वहिनींनी सही केली आणि टांगा करून त्याला घरी आणलं. घरी येऊन तो पेज जेवला, ओटीवर बसला, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलला. आणि मग ताप उलटला. काही करायला सवडच दिली नाही त्यानं. पुन्हा टांगा बोलवायला माणूस गेला, तो परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. झालंय ते एवढंच. आणि गावात आता एकच बोलणं आहे, बाईनं घाई केली.

दहाव्याला मी आलो होतो तेव्हा वहिनी मागच्या दारी उभ्या होत्या. मला थांबवून म्हणाल्या, "भावजी, तुमी त्यांच्याबरोबर काम केलं. तुमाला म्हाईत हाय ते कसे होते. मी चुकली का?"

मी 'येतो' म्हणून तसाच निघालो.   पण आज दादा बोलून गेले आणि त्या अशा बसल्यात, तेव्हा गप्प कसं राहायचं?

तुम्ही म्हणता, हरेश्वरला आधी कळायचं. हरेश्वरचं कधी चुकलं नाही. आणि पुरावा म्हणून त्या विमानाची गोष्ट सांगता. आत्ता दारात चपला काढताना मी ती पुन्हा ऐकली. सांगणारा म्हणाला, हरेश्वरनं सही दिली नाही, तरी साहेबांनी विमान उडवलं आणि ते पडलं. कुणी पाडलं हो ते विमान? मी तिथं होतो. ऐका आता, काय झालं ते.

विमानात एक यंत्र असतं, आम्ही त्याला रेडिओ कंपास म्हणतो. जमिनीवरचं रेडिओ स्टेशन ज्या बाजूला असेल तिकडं त्याचा काटा वळून उभा राहतो. ढगांत खालचं काही दिसेनासं झालं की पायलटला त्या काट्याचा आधार असतो. तर एका डकोटा विमानाची तक्रार यायला लागली. डहाणू मागं पडलं, विमान खाली उतरायला लागलं, की काटा भरकटतो. धड इकडं नाही, धड तिकडं नाही. आणि मुंबईला उतरून आम्ही बघावं तर काटा शहाण्यासारखा गप्प उभा.

असल्या बिघाडापुढं भलेभले हात टेकतात. मोडलेलं दिसतं, जळलेल्याचा वास येतो. पण जे वर बिघडतं आणि खाली आलं की सुधारतं, ते शोधायचं कुठं? आमची एक पद्धत आहे. दोन विमानांतले सेट आपसांत बदलायचे. दुखणं सेटबरोबर गेलं तर दोष सेटात, जागेवर राहिलं तर दोष विमानाच्या तारांत. हरेश्वरनं सेट बदलले. आणि काय व्हावं? दोन्ही विमानांत काटा नीट. म्हणून सेट पुन्हा आपापल्या जागी बसवले, तर डकोटाचा काटा परत भरकटला. आमची मती गुंग झाली. त्यानं सेटातले व्हॉल्व्ह, त्या काचेच्या नळ्या, बदलून पाहिले, जुनेच परत घातले. दिव्याखाली सेट तापवला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून ठोकून एकेक जोड तपासला. तारांच्या टोकांना खाऱ्या हवेचा गंज धरला असेल म्हणून तीही घासून पाहिली, गंज नव्हताच. जेवायची सुट्टी झाली तरी हा उठायचा नाही. मी डबा उघडून हाक मारायचो, तो हूं म्हणायचा आणि तिथंच बसायचा.

असं करता करता एक दिवस काटा सुधारला. कसा? काहीच न करता. तोच सेट, तेच व्हॉल्व्ह, त्याच तारा.

आमच्याकडं एक रीत आहे. ज्यानं हात लावला त्यानं चाचणीच्या उड्डाणात वर बसायचं. हरेश्वर बसला. कॅप्टननं विमान मुद्दाम इकडं आणलं, डहाणूपर्यंत नेलं आणि जिथं काटा भरकटायचा त्याच वाटेनं परत उतरवलं. खाली तुमचं माकुणसार होतं, केळव्याचा किनारा होता. मी त्याला नंतर विचारलं, गाव कसा दिसला रे वरून? म्हणाला, बघितला नाही, काट्यावरची नजर काढली नाही. आणि काटा? काटा जागचा हलला नाही. कॅप्टननं हरेश्वरची पाठ थोपटली.

खाली आल्यावर फोरमनसाहेबांनी त्याच्यापुढं कागद ठेवला. सेट ठीक आहे, अशी सही कर. हरेश्वर म्हणाला, "ठीक आहे. पण का ठीक आहे ते मला कळत नाही. कळल्याशिवाय सही कशी करू?"

साहेबांनी समजावलं. अरे, नियमाप्रमाणं सगळं झालंय. जमिनीवर तपासलंय, आकाशात तपासलंय, तू स्वतः डोळ्यांनी बघितलंयस. आता आणखी काय पाहिजे? मीही समजावलं. चांगला तापलो त्याच्यावर. म्हटलं, बिघडलं का ते आपल्याला सांगता येत नाही तेव्हा लोक शिव्या देतात, ते ठीक. पण सुधारलं तरी तुझं तोंड वाकडंच? पण तो हटून बसला.

शेवटी साहेबांनी स्वतः सही केली. विमान गेलं. आणि मंडळी, नीट ऐका, ते पडलं नाही. अजून उडतंय. त्याचा काटा पुन्हा कधी भरकटला नाही. परवाच मी त्याच्या पंखाखालून चालत गेलो. हरेश्वरला कुणी काढलंही नाही. त्याला बॅटऱ्यांच्या खोलीत बदली दिली, तिथं तो रमला नाही, आणि नोकरी सोडून त्यानं बोईसरला स्टेशनाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

आता मला सांगा, त्या दिवशी बरोबर कोण? हरेश्वर की साहेब? विमान उडतंय म्हणजे साहेब बरोबर, असं म्हणावं, तर माझं मन घेत नाही. ज्याला कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही असा माणूस विमानाच्या कामावर असावाच, असं मला वाटतं. आणि हरेश्वर बरोबर म्हणावं, तर तो चुकीच्या ठिकाणी अडून बसला हे समोर दिसतंय. मी इतकी वर्षं हे डोक्यात घोळवतोय. एक दिवस मला एक पटतं, दुसऱ्या दिवशी दुसरं.

बोईसरला त्याच्याकडं रेडिओ टाकलेली बरीच माणसं इथं आहेत. तुम्हाला त्याची सवय माहीत आहे. बिघडलेला रेडिओ लवकर मिळायचा. पण दुकानात आल्यावर आपला आपण वाजायला लागलेला रेडिओ? तो काही केल्या परत द्यायचा नाही. मी तिथं बसलो असताना तारापूरच्या कामावरचा एक पंजाबी फिटर आला होता. त्याचा ट्रान्झिस्टर फळीवर मजेत गात होता. तो बिचारा हात जोडून म्हणे, चल तो रहा है, अब दे दो. आणि हा म्हणे, चलता है, पर क्यों चलता है? फिटरनं माझ्याकडं असं बघितलं, की याला काय झालंय? मी हसलो. आपण सगळेच हसायचो त्याला.

बंद पडलेला पंप चालू झाला, की हा म्हणणार, कसा झाला? दिवे गेले आणि आले, की आले कसे? वहिनींची डोकेदुखी थांबली तरी थांबली कशी, म्हणून त्यांच्या मागं लागायचा. त्या वैतागून म्हणायच्या, थांबली ना, मग परत सुरू करू का? हेच ऐकत त्यांनी संसार केला. मग दवाखान्यात खाटेवर बसून तो म्हणाला, ताप उतरला कसा, तेव्हा त्या बाईनं काय समजायचं? त्यांना वाटलं, माणूस बरा झाला. आपला नवरा पहिल्यासारखा बोलायला लागला. मला सांगा, यात त्यांचं काय चुकलं?

दादा, आता तुमच्याशी बोलतो. रागावू नका, आणि रागावलात तर मला रागवा. गेल्या पावसाळ्याआधी तुमचा रेडिओ त्याच्या दुकानात होता. मासेमारीला निघायचं तर हवेच्या बातम्या ऐकायला तो लागतो. तोही असाच आपला आपण वाजायला लागला होता. हरेश्वर देईना. तुम्ही दुकानात जाऊन भावावर ओरडलात, वाजतो ना, मग दे इकडं, आणि फळीवरून उचलून घरी घेऊन आलात. तो पावसाळाभर चाललाच ना? अजून चालतोय. मी आज सकाळी तुमच्याकडं आलो तेव्हा ओटीवर तो लावलेला होता.

तुम्ही उचललात, तो चालला. साहेबांनी सही केली, विमान चाललं. वहिनींनी सही केली आणि हरेश्वर गेला. तिघांनी केलं एकच. समोरची गोष्ट बरी दिसली, तिला बरी म्हटलं. मग तुम्हाला कुणी काही म्हणत नाही, साहेबांची तर बढती झाली, आणि बोल लागला तो एकट्या त्या बाईला? हे कुठल्या हिशेबात बसतं? मला तरी बसवता येत नाही.

वहिनी, तुम्ही विचारलंत. मी मेकॅनिक माणूस, कारण सापडेपर्यंत आमचं समाधान नाही. हरेश्वरचा ताप का उतरला ते डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत नाही, आणि तो परत का आला तेही माहीत नाही. दवाखान्यात राहिला असता तर वाचला असता का? कुणी छातीवर हात ठेवून सांगावं. मला नाही सांगता येत, आणि जे इथं ठामपणानं सांगतायत त्यांनाही येत नाही. पण एक मला पक्कं माहीत आहे. त्या सकाळी तो कागद माझ्यापुढं आला असता, तर मी त्याच्यावर डोळे मिटून सही केली असती. आनंदानं केली असती. आणि टांग्यात त्याच्या शेजारी बसून, चेष्टा करत त्याला घरी आणलं असतं.

तो माझा मित्र होता. मला त्याची फार आठवण येते. गाडी सफाळ्याला थांबते आणि मी अजून सरकून जागा करतो. तो नोकरी सोडून गेला तेव्हापासून करतोय. आता का करतो, तेही मला कळत नाही.

पुरे. आता आपण सगळे त्याच्यासाठी दोन मिनिटं गप्प उभे राहू. पण अजून उठू नका. मंजुळावहिनी, तुम्ही तिथं दाराशी नाही, इथं पुढं या, त्याच्या फोटोजवळ. कुणीतरी त्यांना वाट द्या. आणि काशिनाथदादा, तुम्ही जाऊन त्यांच्या शेजारी उभे राहा.

दादा, तुम्ही उठलात की मग आम्ही उठू. तोवर मी थांबतो.