झाकून ठेवलेली यादी

पाणीखात्यातल्या त्या कारकुनाची एक खोड मला मुळीच आवडली नाही. लोकांसाठी ठेवलेल्या संगणकावर त्यानं फुलाफुलांचं कापड पांघरलं होतं. रांगेत माझ्यापुढची शिंपीण त्यावरूनच त्याच्याशी हुज्जत घालत होती.

"दादा, ते कापड काढा."

"धूळ बसते हो ताई. सरकारी वस्तू आहे."

"दारावर पाटी आहे, सगळ्या नळांची यादी इथे बघा म्हणून."

"तीन वर्षांत कुणी आलं नाही बघायला."

"मी आलेय ना? काढा."

"हळू, हळू! हं, हे बघा. तुमच्या गल्लीतला नळ चालू आहे."

"चालू? दीड महिना थेंब नाही त्याला! शिवण टाकून दोन गल्ल्यांवरून बादल्या वाहतेय मी."

"यादीत चालू आहे, मग दुरुस्तीला माणूस कसा पाठवू?"

"आणि हे खाली काय लिहिलंय? चूक असल्यास इथे दाबा."

"ते कुणी दाबत नाही."

"दाबलं!"

"अहो ताई!"

"यादीत आमचा नळ हिरव्याचा लाल झाला बघा. बंद!"

बाकावर पेंगणारा नळदुरुस्तीवाला ताडकन उठला. "लाल? खरंच लाल? साहेब, सहा महिने नुसते पाने-पक्कड पुसत बसलोय मी! चला ताई, गल्ली दाखवा."

दोघं पळालीच. रांगेत हसू पसरलं. मी कापडाची घडी करून कारकुनाच्या हातात ठेवली.

"बाळा, पाहुणे बोलवायचे, दाराला कडी लावायची, वर म्हणायचं कुणी येत नाही! मला वाचता जेमतेम येतं, पण लाल रंग कळतो. सरक, आमचाही नळ दाबते."