रंगरावांची जीप आणि डोळ्यांवरचे हात

मंडळी, ऐका. आज प्रश्न एकच. सोपा आहे, फक्त उत्तर देताना शेजाऱ्याकडे बघू नका. समोरच्या माणसाचं खरं तोंड बघायचं असेल, तर त्याच्यावर उजेड किती टाकावा?

जेवढा जास्त तेवढा बरा, असं म्हणता? ठीक. रंगराव डुबलांनाही असंच वाटायचं.

हे रंगराव राहायचे घाटाच्या पायथ्याला, आंबेघरात. बायको देवाघरी गेलेली. शेती बरी, दारात एक जीप, आणि एकुलती एक लेक, तृप्ती. स्वभाव संशयी. म्हणजे किती? तर देवळात घंटा वाजवली की आधी मागं वळून बघायचे, मग देवाकडे. दूधवाल्यानं दूध घट्ट घातलं, तर ते मांजराला! का? अहो, याला आपल्याकडून काहीतरी हवं असणार!

तर एका संध्याकाळी रंगराव जीपमधून घरी निघाले. दिवे अप्परला. ते कायम अप्परलाच असायचे, डिपर म्हणजे माघार असं त्यांचं मत. समोरून मोटारसायकल आली, आणि त्या माणसानं चटकन एक हात तोंडावर घेतला.

रंगराव चमकले. यानं तोंड का लपवलं?

सकाळीच ते इलाही मेस्त्रींच्या गॅरेजला हजर. म्हणाले, उजेड वाढवा, मला माणसं ओळखू येईनात. मेस्त्रींनी बंपरवर पांढरेफेक दिवे बसवले. त्या संध्याकाळी समोरून चालत येणाऱ्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले. म्हणजे बघा, प्रकरण वाढलं! मग टपावर दिव्यांची पट्टी आली. लोक पाठच फिरवायला लागले. ट्रकवाले लांबूनच दिवे लुकलुकवायचे — अरे बाबा, उजेड खाली घे. रंगरावांना वाटायचं, हे पुढच्याला खबर देतायत. आला, आला, रंगराव आला.

शेवटी त्यांनी लाल-निळे लुकलुकणारे दिवे मागितले. प्रामाणिक माणूस पोलिसाच्या दिव्याला घाबरत नाही, तेव्हा जो घाबरेल तोच आपला चोर. तेव्हा मात्र मेस्त्रींनी हातातला पाना खाली ठेवला.

"रंगरावदादा, आत्ता बसवलंय तेच पासिंगला चालायचं नाही. कंपनीनं दिलेल्या दिव्यांत वाटेल तशी भर घालता येत नाही. आणि लाल-निळं तर तुमच्या-माझ्यासारख्यानं लावूच नये."

रंगरावांनी डोळे बारीक केले. उजेडाविरुद्ध कायदा? कायदा करणाऱ्याला काय बरं लपवायचं असेल? मेस्त्रींनी नाही म्हटलं, तर त्यांनी ते दिवे दुसरीकडून लावून आणले. शिवाय एक अलार्म. जीपला परक्याचा हात लागला, की सगळे दिवे आपोआप पेटणार आणि चोराचं तोंड दिसणार.

मृदंगवाले, हसू नका. तुमच्या बुलेटचा सायलेन्सर आम्हाला तिसऱ्या गावाहून ऐकू येतो.

मग एकदा चौकात हवालदारानं अडवलं, पावती फाडली. रंगरावांनी खालच्या आवाजात विचारलं, माझी चुगली कोणी केली? हवालदार म्हणाला, "चुगली कशाला पाहिजे? तुमची गाडी शेजारच्या तालुक्यातून दिसते."

रंगराव घरी येईपर्यंत विचार करत होते, की म्हणजे माणूस शेजारच्या तालुक्यातला आहे.

अशात तृप्तीला स्थळ आलं. घाटापलीकडचे थोरवे. मुलगा जनावरांचा डॉक्टर. एकदा गाय बघायला आला होता, तेव्हा तृप्तीनं त्याला पाहिलं, आणि इतक्या स्थळांत या एकालाच तिनं स्वतःहून हो म्हटलं. मुलाचे वडील आनंदराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटात, पण गाडीला ओरखडा नाही. रंगरावांनी चौकशी केली. मुलगा पीत नाही. तंबाखू नाही. भांडण नाही. काहीच सापडेना! आता तुम्हीच सांगा, जे सापडतच नाही ते केवढं मोठं असेल?

पाहण्याचा दिवस उजाडला. पाहुणे दिवेलागणीला येणार होते. तृप्ती पोह्यांची तयारी करत होती, आणि रंगरावांना बसवेना. त्यांनी आपल्याला बघायच्या आत आपण त्यांना बघावं, असं ठरवून ते जीप काढून घाटाखालच्या वळणावर जाऊन उभे राहिले. पांढरी मोटार दिसली, आणि त्यांनी सगळे दिवे पेटवले. सगळे! लाल-निळ्यासकट.

समोरच्या मोटारीनं दोनदा डिपर दिला. खूण! मग ड्रायव्हरनं हात आडवा डोळ्यांवर घेतला, आणि ती मोटार मुकाट रस्ता सोडून हळदीच्या वावरात उतरली. लग्न ठरायच्या आत सगळं वऱ्हाड हळदीत!

रंगराव घरी आले ते आनंदात. सापडलं एकदाचं. तोंड लपवणारी माणसं आहेत, हे लग्न होणे नाही, असं त्यांनी लेकीला सांगून टाकलं. तिनं हातातली सुरी ठेवली. रडली नाही. तिनं नुसतं अंगणातल्या जीपकडे बघितलं.

तेवढ्यात थोरवे पायी आले. गुडघ्यापर्यंत चिखल, पण कोणाला खरचटलं नव्हतं. पाय धुता धुता आनंदराव सांगत होते, कोण वेडा होता कुणास ठाऊक, माणूस दिसलाच नाही, नुसता उजेड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून गाडी रस्ता सोडून गेली.

आता रंगरावांची पंचाईत बघा. तोंड का लपवलंत, असं विचारायचं होतं. पण विचारावं तर वळणावर कोण होतं, हेही सांगावं लागणार! मग ते गुपचूप उठले. ताडपत्री घेतली. जीप झाकावी म्हणून पुढून टाकायला गेले, आणि बॉनेटला हात लागला.

अलार्मला धनी कोण, परका कोण, काय कळतंय? सगळे दिवे भक्कन पेटले. उजेडात मधोमध रंगराव. आणि त्यांचे दोन्ही हात, न सांगता, तोंडावर.

सगळे ओसरीवर आले. आनंदरावांनी विचारलं, "कोण आहे ते?"

हातांमागून आवाज आला, "मी नाही."

तृप्ती खाली मान घालून गेली. बॉनेट उचललं, बॅटरीची वायर उपटली. अंधार झाला. त्या अंधारात तिनं हळूच विचारलं, "बाबा, आत्ता तुम्ही काय लपवत होता?"

"काही नाही गं. डोळे दिपले."

"मग त्यांचेही दिपले. सगळ्यांचेच दिपत होते."

रंगराव चाचपडत ओसरीपाशी गेले, आणि वळणावर मीच होतो म्हणून हात जोडले. आनंदराव ओसरी उतरून जीपपाशी गेले.

मग म्हणाले, "पोहे नंतर. आधी पाना आणा."

देवघरातली समई अंगणात आली. तिच्या उजेडात दोघा व्याह्यांनी एकेक दिवा काढला. आणि रंगरावांनी पहिल्यांदा आनंदरावांचं तोंड नीट पाहिलं. साधं तोंड होतं. चिखल होता, दमणूक होती. लपवलेलं काही नव्हतं.

लग्न झालं. जीपही मूळच्या दोन दिव्यांवर पासिंगला उभी राहिली. रंगराव बदलले का? थोडे. परवा दूध घट्ट आलं, तर आधी प्यायले, मग संशय घेतला.

मंडळी, आता बाहेर वडाखाली तुमच्या गाड्या उभ्या आहेत. कोणाच्या बंपरवर काय आहे, मी बघितलंय. पण ती पावती हवालदार फाडेल. मी विचारतोय ते घरातलं. सून दिसली की तुम्ही कोणता दिवा लावता? भाऊ आला की? तो मान खाली घालतो, आणि तुम्ही म्हणता, बघा, तोंड चुकवतोय. त्याच्या डोळ्यांवर काय पडलंय ते कधी बघितलं?

उठा, आरतीला या. ताटात एकच निरांजन आहे, वात लहान आहे. तेवढ्या उजेडात माझ्या विठोबाकडे बघा. एवढी माणसं टक लावून बघतायत, पण त्यानं तोंड झाकलेलं नाही. हात कमरेवरच आहेत.